काळा पडदा आणि याईराचे घर



सांजांव झाले, विहिरी भरल्या, की आमच्या पेडण्याच्या बाजूला दोन गोष्टी ठरलेल्या. वीज जा-ये करू लागते, आणि रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत लॅपटॉप गुंडाळून माझी वाट पाहत उभे असते. "टीचर, हा मेला." तक्रार बहुतेक वेळा एकच. बटण दाबले की कंपनीचे चिन्ह दिसते, पंखा घरघरतो आणि मग पडदा काळा. कितीही वाट पाहा, काळाच.

मी बी.ए. झालेली बाई, विषय मराठी आणि इतिहास. धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, आमच्याकडे जुनी माणसे अजून त्याला दोतोर्न म्हणतात. संगणकाशी माझे नाते एवढेच की चर्चमधला प्रोजेक्टर मी लावते. पण ज्याच्या हातात वायर तो इंजिनियर, असा गावचा समज आहे, आणि या समजापायी गेल्या काही वर्षांत मला बरेच शिकावे लागले. "एकदा लिहूनच काढा," असे दोघा-तिघांनी सांगितले, म्हणून आज लिहिते.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय मी वर्गात दरवर्षी शिकवते. सभास्थानाचा अधिकारी याईर, त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकलेली. येशू त्याच्या घरी पोहोचतो तेव्हा तिथे आकांत सुरू झालेला असतो. शेजारपाजारच्यांनी निकाल देऊन टाकलेला असतो. मुलगी झोपली आहे असे येशू म्हणतो, तेव्हा ते हसतात. मग तो सगळ्यांना बाहेर काढतो, आई-वडील आणि तीन शिष्य एवढ्यांनाच घेऊन आत जातो. लहान मुलांना हा "बाहेर काढले" चा भाग फार आवडतो. मला तो आता लॅपटॉप समोर आला की आठवतो, कारण प्रत्येक काळ्या पडद्याभोवती अशी गर्दी असतेच. एक काका म्हणतात मदरबोर्ड गेला. दुसरा म्हणतो व्हायरस. तिसरा सांगतो भंगारात घाल, नवा घे. कोणी अजून झाकणसुद्धा नीट उघडून पाहिलेले नसते.

तर आधी गर्दी बाहेर. मग पाहायचे, की नेमके काय काळे झाले आहे: अख्खे यंत्र, की नुसता पडदा?

कॅप्स लॉकची कळ दाबून पाहा. तिच्यावरचा छोटा दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर आतले डोके जागे आहे. हे पाच सेकंदांचे काम, पण घरातल्या माणसांचा चेहरा यानेच बदलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मग दुसरा प्रश्न: सुरुवातीला कंपनीचे चिन्ह दिसले होते का? दिसले असेल तर पडदा आणि त्याची वायर बहुधा ठीक आहेत, घोळ पुढे विंडोज सुरू होताना होतो आहे. अजिबात काहीच दिसत नसेल तर वाट वेगळी. अर्धी लढाई या एका प्रश्नावर आहे, आणि दुकानात नेल्यावर आपल्याला तो प्रश्न क्वचितच विचारला जातो.

काहीच न दिसणाऱ्या मशीनसाठी एक युक्ती सांगते. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा आणि जवळून पाहा. कधी कधी तिथे पुसट चित्र दिसते. अक्षरे, चिन्हे, सगळे जागच्या जागी. साध्या एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, मागे लावलेल्या एलईडी दिव्यांनी तो उजळतो. ते दिवे गेले की चित्र असूनही दिसत नाही. मी हे पहिल्यांदा पाहिले त्या संध्याकाळी बराच वेळ गप्प बसून होते. कारण काय ते तुम्हाला सांगायला नको.

मग प्रोजेक्टर किंवा टीव्ही एचडीएमआयच्या वायरने जोडून पाहावा. तिथे चित्र आले तर दुखणे लॅपटॉपच्या पडद्याचे किंवा बिजागरीतून जाणाऱ्या वायरीचे. झाकण रोज उघडून-मिटून ती वायर दुमडते. झाकण हळूच पुढेमागे केल्यावर चित्र येत-जात असेल तर संशय तिच्यावरच.

तिसरी गोष्ट म्हणजे वीज उतरवणे. चार्जर काढा, पेन ड्राइव्ह-माऊस सगळे काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि सुरू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत साचून राहिलेला विजेचा अंश निघून जातो. पुन्हा चार्जर लावून सुरू करा. हसू नका, यानेच उठलेली मशीन्स मी पाहिली आहेत.

आमच्या हवेचाही दोष आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. कपाटातल्या चपला हिरव्या होतात, मिस्सेच्या पुस्तकाची पाने चिकटतात, मग रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांनीच का सुटावे? त्यांच्यावर ओलाव्याची पुटे चढली की मशीन चालू होते पण पडद्यावर काही आणत नाही. पट्टी काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवली की काम होते. हे मात्र मी स्वतः करत नाही. स्क्रू उघडायचे तिथून पुढे जाणत्या माणसाचे काम. डिचोलीकडच्या एका घरातला लॅपटॉप असा जाणत्याने उघडला तेव्हा मी शेजारी होते. पंख्यात तांबड्या धुळीची चक्क वात वळलेली होती. त्या भागातल्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. लोकांचे पोट त्यांच्याबरोबर वर-खाली झाले, धूळ मात्र घरात शिरली ती शिरली.

आता चिन्ह दिसून मग काळे पडणाऱ्या मशीनकडे वळते. यंदाच्या पावसात हाच प्रकार आमच्या दृढीकरणाच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी झाला. बारावीत विज्ञान शाखेला आहे, हुशार. भाऊ तारवटी, मालवाहू बोटीवर. त्यानेच दोन वर्षांपूर्वी तो लॅपटॉप घेऊन दिला. लॅपटॉपचे तिला तितके वाटत नव्हते, आत जे होते त्याचे वाटत होते. तिच्या आजीने रोसाच्या दिवशी म्हणायच्या ओव्या तिला म्हणून दाखवल्या होत्या आणि पोरीने त्या मोबाइलवर रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये घातल्या होत्या. मोबाइल नंतर पाण्यात पडून गेला. आजी चाळिसात, म्हणजे उपासकाळात, देवाघरी गेली. भावाचे लग्न जानेवारीत ठरलेले. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाला नारळाचा रस लावताना त्या ओव्या लागणार, आणि वाड्यावर आता त्या पुऱ्या येणारे कोणी उरलेले नाही. आजी पलीकडच्या शिरोड्याची. तिच्या ओव्यांत कोकणी कुठे संपते आणि मराठी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही.

एका दुकानात आधी दाखवले होते. तिथे उत्तर मिळाले, "फॉर्मॅट मारावा लागेल, आतले काही राहणार नाही, करायचे का?" त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. गिऱ्हाइकाला मशीन संध्याकाळपर्यंत हवे असते आणि फॉर्मॅट मारले की ते खरेच चालू होते. पण आईने "करा" म्हणायच्या आत पोरीने लॅपटॉप काउंटरवरून उचलला आणि पावसातून थेट माझ्याकडे आली.

"बाय, आधी बस," मी म्हटले. "चहा घे."

कॅप्स लॉकचा दिवा लागत होता. चिन्ह दिसत होते, खाली गोल फिरणारे ठिपके दिसत होते, मग काळोख. प्रोजेक्टरवरही काळोख. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी अशा चार कळा एकदम दाबल्या की पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दाबल्यावर बारीक टिक असा आवाज आला, चित्र आले नाही. (तुमच्याकडे काळ्या पडद्यावर माऊसचा बाण दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडतो का पाहा. तिथे नवे काम म्हणून एक्स्प्लोरर डॉट ईएक्सई लिहिले की बरेचदा सगळे परत येते.) विचारल्यावर कळले की बॅटरी केव्हाच गेलेली, मशीन नुसत्या चार्जरवर चालत होते, आणि अपडेट चालू असताना वीज गेली. म्हणजे पडद्याचा ड्रायव्हर बहुधा अर्धवट बदललेला. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि पडदा यांच्यातला दुभाषी. तोच मध्येच गप्प झाला तर दोन्ही बाजू जिवंत असून बोलणे बंद.

यावर उपाय सेफ मोड. त्यात विंडोज नुसत्या साध्या, मूळच्या ड्रायव्हरवर उठते. पण पडदा काळा असताना तिथे जायचे कसे? सुरू होताना ठिपके फिरू लागले की बटण दाबून धरून मशीन बंद करायचे. असे लागोपाठ दोन-तीन वेळा केले की विंडोज स्वतःच ओळखते की काहीतरी बिनसले आहे आणि दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. त्या पडद्याला दुभाषी लागत नाही. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग चार आकडा.

निळा पडदा आला तेव्हा पोरगी खुर्चीवरून उठून उभी राहिली. पुढच्याच पायरीला मशीनने ४८ आकडी किल्ली मागितली.

हे तुम्ही नीट ऐका, कारण पुष्कळांना ठाऊक नसते. विंडोज ११ ची अनेक मशीन्स डिस्कवरचा मजकूर आपोआप कुलूपबंद करतात. चोराच्या हाती लॅपटॉप लागला तर त्याला काही वाचता येऊ नये म्हणून ते चांगलेच आहे. पण मग "डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू" हा जुना उपाय चालत नाही. किल्ली असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, ज्याच्या ईमेलने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्याच्या. इथे तो भाऊ. खाते उघडायला त्याच्या इथल्या मोबाइल नंबरवर संदेश येणार, आणि ते सिमकार्ड भर समुद्रात मुके. बोट बंदराला लागायला पाच दिवस.

याईराची गोष्ट सांगताना आपण एक भाग घाईने सांगतो. येशू त्याच्याबरोबर निघाला खरा, पण वाटेत थांबला. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई गर्दीतून आली, त्याच्या वस्त्राला शिवली आणि तो तिथे उभा राहून विचारत बसला, कोण शिवले? शिष्यांनासुद्धा ते विचित्र वाटले. आणि याईर? त्याची मुलगी घरी शेवटच्या घटका मोजते आहे आणि हा रस्त्यात थांबला आहे. शुभवर्तमानात याईर त्या वेळी काय बोलला ते लिहिलेले नाही. नंतर घरून निरोप येतो की आता गुरुजींना त्रास देऊ नका, संपले. त्या उभे राहण्यातला याईर मला त्या पाच दिवसांत कळला. मी वर्गात याआधी कधी त्याच्याबद्दल प्रश्न विचारला नव्हता, यंदा विचारला. मुलांनी जी उत्तरे दिली ती पुढे कधीतरी लिहीन.

पाच दिवसांत सल्ले चालूच होते. वडील म्हणाले, "टीचर, उगाच कशाला, पोरीला नवा घेऊन देतो." मामा म्हणाले, म्हापशाला एक जण कुलूप तोडून देतो. असे कुलूप तोडून देणारा कोणी नसतो, पैसे घेणारे असतात. मी पोरीला एवढेच सांगितले की कोणालाही फॉर्मॅट मारू देऊ नकोस. फॉर्मॅटनंतर किल्ली आली तरी तिला दारच उरणार नाही.

आपल्यासारख्या गावच्या माणसांनाच हे भोगावे लागते असे नाही. १९ जुलै २०२४ आठवत असेल. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स पाडली, हा मायक्रोसॉफ्टचाच अंदाज. आपल्या देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल पुसा. कुलूपबंद मशीन असेल तर आधी ४८ आकडे टाका. मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनियर एकेका मशीनपुढे बसून तेच करत होते, जे आम्ही पेडण्यात करायला बसलो होतो. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधला मशीन कोसळल्यावर येणारा तो प्रसिद्ध निळा पडदाच काळा केला. तेव्हा आता काळ्यावर पांढरी अक्षरे दिसली तर ती वाचा. अक्षरे असणे ही चांगली खूण आहे. तिथला कोड लिहून ठेवला तर दुरुस्त करणाऱ्याला उपयोगी पडतो.

बोट बंदराला लागली त्या रात्री भावाचा आवाजी संदेश आला. मागे क्रेनचा खडखडाट, मध्येच आवाज तुटतो. आठ गट, प्रत्येकी सहा आकडे, इंग्रजीत. एका ठिकाणी 'फाइव्ह' की 'नाइन' ते कळेना. परत विचारावे तर फोन बंद. इथे पोरीची बारावी कामाला आली. तिने कुठेतरी वाचले होते की या किल्लीच्या प्रत्येक सहा आकडी गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. कॅल्क्युलेटर घेतला. पाच धरून भाग जाईना, नऊ धरून गेला. मी इतिहासवाली, मी नुसती पाहत राहिले.

सेफ मोड उठला. अक्षरे मोठी आणि बेढब, रंग फिके, कोपऱ्यांत सेफ मोड असे लिहिलेले, पण उजेड होता. तिथे कधी कधी नेहमीचा पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो. तो भावाने त्याच संदेशाच्या शेवटी सांगितला होता, शहाणा मुलगा. ड्रायव्हरला हात लावायच्या आधी आजीचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. मग डिव्हाइस मॅनेजरमधून पडद्याचा बिघडलेला ड्रायव्हर काढला, मशीन पुन्हा सुरू केले. विंडोजने आपला साधा ड्रायव्हर लावला आणि पडदा नेहमीसारखा उजळला.

मुलगी उठल्यावर येशूने काय सांगितले ते मार्कने लिहून ठेवले आहे: तिला काहीतरी खायला द्या. एवढा मोठा चमत्कार, आणि लगेच जेवणाची गोष्ट. माझ्या मते त्या अध्यायातले हे सगळ्यात आईसारखे वाक्य. मशीन उठल्यावर खायला देणे म्हणजे काय, तर प्रत काढणे. एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या कोणाच्या घरी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले, मग १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ उरला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांमुळे. तेव्हा भरवसा ठेवायचा तो प्रतींच्या संख्येवर, कागद की डिस्क हा प्रश्न नंतरचा.

ओव्या आम्ही त्याच रात्री ऐकल्या. एकंदर सव्वीस मिनिटे. मध्ये आजी कोंबड्यांना हाकलते, एकदा नातीला "पाणी दी गो" म्हणते. नारळाच्या ओवीचे शेवटचे चरण खोकल्यात बुडाले आहेत. शिरोड्याला आजीची धाकटी बहीण आहे, तिला ते येत असतील असे पोरीच्या आईला वाटते. पाऊस थोडा उघडला की दोघी जाणार आहेत. लॅपटॉपला नवी बॅटरी मात्र अजून घेतलेली नाही, ती भाऊ डिसेंबरात आला की बघू म्हणतात. तोवर अपडेट विचारले की पोरगी आधी खिडकीतून आभाळाकडे बघते.